इथं ते बसलेत

हात जोडायच्या आधी दोन मिनिटं थांबाल का? काचेच्या आतून बोलतेय म्हणून आवाज जरा दबका येईल, पण येईल. मी खुर्ची. अंगावर मखमल आहे, समोर पितळी पाटी आहे, पायाशी तुम्ही लोकांनी टाकलेल्या फुलांचा ढीग आहे, तरी शेवटी खुर्चीच. रोज पन्नास-साठ माणसं दोरीपाशी येतात, डोळे मिटतात, काहीतरी पुटपुटतात आणि निघून जातात. माझ्याकडे नीट बघत मात्र कुणी नाही. बघितलं असतं तर एक गोष्ट ध्यानात आली असती. ती सांगते शेवटी. आधी जन्मापासून सुरुवात करू, आमच्यात तशीच पद्धत आहे.

या प्रार्थनाघराच्या विश्वस्त मंडळासाठी बारा खुर्च्या करायच्या होत्या. मी बारावी. अकरा खुर्च्या होईपर्यंत सुतार इतका कंटाळला होता, की माझा मागचा डावा पाय कापताना त्याला नेमकी शिंक आली आणि करवत घसरली. पाय बोटभर आखूड झाला. त्याने मला जमिनीवर ठेवून हलवून पाहिलं, मी 'टक' केलं. तो म्हणाला, "चालतंय." आणि वरून रंग मारला. माझं सगळं आयुष्य त्या एका 'चालतंय'वर उभं आहे, तेही तीन पायांवर.

माणसं खुर्चीच्या बाबतीत किती हळवी असतात हे मला पहिल्याच बैठकीत कळलं. मी नेमकी अध्यक्षांच्या वाट्याला आले. भरदार माणूस, पांढराशुभ्र सदरा, बोलताना तर्जनी वर. ते मागे रेलले, मी टक केलं, आणि हातातला चहा थेट सदऱ्यावर. तेवढ्यात एक सभासद अगदी भोळेपणाने म्हणाला, "अध्यक्षांची खुर्ची डळमळीत आहे." सगळे खो खो हसले. अध्यक्षांना त्यात कट दिसला. संध्याकाळच्या आत मला तळमजल्यावर धाडलं.

तळमजल्यावर शाळा होती. ज्या मुलांना शिकायला वेळ लागतो, बोलायला वेळ लागतो, गुंडी लावायलाही वेळ लागतो, त्या मुलांची. माझ्या डोळ्यांदेखत दारावरच्या पाटीवरचं नाव तीनदा बदललं, कारण या मुलांना काय म्हणावं यावर वर मंडळात फार खोल चर्चा व्हायची. गळकी खिडकी मात्र तीच राहिली. वरच्या हॉलची फळ्यांची जमीन हेच आमचं छत, त्यामुळे ती चर्चा आम्हाला शब्दन् शब्द ऐकू यायची. मुलं तेव्हा खाली मणी ओवत बसलेली असायची.

वर्गात चौदा मुलं आणि एक बाई. बाई बारीक, चष्मा दोऱ्याने गळ्यात, खडूने पांढरी झालेली बोटं. ओरडायच्या नाहीत, पण एकच गोष्ट दहादा सांगायची त्यांची तयारी असायची, आणि अकराव्यांदाही. मुलांमध्ये एक मोटार होता, तो दिवसभर तोंडाने गाडी चालवायचा आणि वळणावर हॉर्न द्यायचा. एक पुन्हा होती, तिला कुठलीही गोष्ट सांगा, संपली की म्हणायची, "पुन्हा." आणि एक टिल्ली.

टिल्ली अकरा वर्षांची, पण उंचीने सहाची दिसायची, म्हणून टिल्ली. तिला बेरीज येत नव्हती, घड्याळ कळत नव्हतं, विनोद तर अजिबात कळत नव्हता. पण कोण आलं नाही हे तिला बाईंच्या आधी कळायचं. कोण कुठे बसतं हे तिच्या डोक्यात पक्कं. मोटार पुन्हाच्या जागेवर बसला, तर ती कानांवर हात ठेवून असा सूर लावायची की रस्त्यावरची माणसं खिडकीत डोकवायची. मी काही तिला देवाचं लेकरू वगैरे म्हणणार नाही. एकदा तिने रागाने डबा भिरकावला तो मलाच लागला. हा बघा, मखमलीखाली टवका आहे अजून.

रोज सकाळी हजेरी. बाई नाव घ्यायच्या, मुलं आपापल्या परीने 'हजर' म्हणायची. मोटार हॉर्न द्यायचा, तोही बाईंनी हजर धरला होता. एकदा हजेरीनंतर प्रार्थना शिकवताना बाई म्हणाल्या, "देव सगळीकडे हजर असतो बरं का."

टिल्लीने मान वर केली. "मग नाव का नाही घेत?"

"कुणाचं?"

"देवाचं. हजर असतो, तर नाव का नाही घेत?"

बाईंनी दोन-तीन तऱ्हांनी समजावलं. टिल्लीचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. तो ओठ बाहेर आला की पुढे काय होतं हे बाईंना ठाऊक होतं, आणि अजून मणी ओवायचे होते. त्यांनी पेन उचललं आणि म्हणाल्या, "बरं. देव?"

मोटारनेसुद्धा इंजिन बंद केलं. मी भिंतीला एकटीच उभी होते, माझ्यावर कुणी बसत नसे. टिल्ली बघायला म्हणून पुढे सरकली, तिचा गुडघा मला लागला आणि मी टक केलं.

"हजर," टिल्ली म्हणाली. "तिथं बसलाय."

खरं सांगायचं तर तो आखूड पाय होता. मी काही चमत्कार-बिमत्कार केला नाही, आणि तसा दावा करायला मी काही विश्वस्त नाही. पण चौदा मुलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जागच्या जागी ताठ झाले.

त्या दिवसापासून मी देवाची खुर्ची. टिल्ली रोज आल्या आल्या मला फडक्याने पुसायची. बाईंनी मुलांना शिकवलं होतं, की मोठ्या माणसांना अहो म्हणायचं. देव मोठा आहे हेही बाईंनीच शिकवलं होतं. टिल्लीने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि देवाला अहो-जाहो करायला लागली. "अहो, पाय वर घ्या, खालून पुसायचंय." वरच्या हॉलमध्ये सगळे देवाला अरे-तुरे करतात आणि अध्यक्षांना अहो-जाहो. खाली तसं नव्हतं. टिल्लीचं बोलणं ऐकून वाटायचं, एखादी बाई नवऱ्यालाच हाक मारतेय. वर्गात मग नाव पडलं 'ते'. "ते बसलेत." "त्यांना ऊन लागतंय, पडदा ओढा."

मला ऐकू येईल असं वरून जे काही मागितलं जायचं ना, ते ऐकून माझे सांधे आखडायचे. नोकरी दे, जावई दे, शेजाऱ्याला अद्दल घडव. खाली कुणी काही मागत नसे. मोटार खरचटलेला गुडघा दाखवायचा, बस. पुन्हा नावाची पोर त्यांना गोष्ट सांगायची आणि त्यांच्या वतीने स्वतःच 'पुन्हा' म्हणायची. टिल्ली मधल्या सुट्टीत विचारायची, "अहो, डबा खाल्ला का?" आणि एक बिस्कीट माझ्या काठावर ठेवायची. ते मुंग्या खायच्या. टिल्लीला ते दिसायचं, आणि तिला त्यात काहीच वावगं वाटायचं नाही.

आता तुम्ही विचाराल, खरंच बसायचं का कुणी? वजन मला कधी जाणवलं नाही. पण त्या दिवसांत मला एकटंही वाटलं नाही. याहून जास्त मी शपथेवर सांगू शकत नाही.

टिल्लीची आई दुपारी तिला न्यायला यायची. शिवणकाम करणारी बाई, गळ्याशी सुया टोचलेल्या आणि खांद्यावर कुठल्या तरी रंगाचा धागा. एकदा माझ्या पाठीवर हात ठेवून उभी असताना तिने बाईंना सगळं सांगितलं, म्हणून मला माहीत.

टिल्ली चार-पाच वर्षांची असताना आई तिला घेऊन वर प्रार्थनेला बसायची. एकदा प्रवचनकार रंगात आले होते. त्यांनी हात पसरून विचारलं, "सांगा, देव कुठे आहे?" असा प्रश्न विचारला की गप्प बसायचं असतं हे सगळ्या हॉलला ठाऊक होतं. टिल्लीला नव्हतं. तिने इकडे-तिकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "नाही आला अजून." मागचे दोघे-तिघे हसले. अध्यक्ष उठून आले आणि आईला म्हणाले, "उठा ताई. हिला बाहेर घेऊन बसा. लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

तेव्हापासून सात वर्षं माय-लेकी दाराबाहेर, जोडे ठेवायच्या फळीपाशी बसत होत्या. प्रवचन तिथं अर्धवट ऐकू यायचं. आईला हात रिकामे ठेवायची सवय नाही, म्हणून ती जोडे नीट लावायला लागली. हळूहळू लोकांना वाटलं, हिला त्यासाठीच ठेवलंय. ते जोडे तिच्या हातात देऊन आत जायला लागले. "घरी हे सांगायची सोय नाही हो," ती बाईंना म्हणाली. "मला एकदा आत बसायचंय हिला घेऊन. पुढं नको. मागं चालेल."

संधी आली ती अशी. दरवर्षी बारा वर्षांची झालेली मुलं एका सकाळी पहिल्या रांगेत बसतात, नाव पुकारलं की 'हजर' म्हणतात, आणि त्या दिवसापासून त्यांची हॉलमध्ये कायमची जागा होते. टिल्लीला बारा पूर्ण होत होती. बाईंनी आईला अर्ज लिहून दिला.

वर मंडळ बसलं. मी खालून ऐकत होते. अध्यक्षांचा मुद्दा असा, की हिला कळतं का? ज्याला कळत नाही, त्याच्याकडून देवाचा अवमान झाला तर जबाबदार कोण? एक जण म्हणाला, देव सांभाळून घेईल. त्याला गप्प केलं. शेवटी ठरलं, परीक्षा घ्यायची. दहा प्रश्न. प्रश्न काढायला अडीच तास लागले आणि उत्तरं काढायला त्याहून जास्त, कारण सातव्या प्रश्नाच्या उत्तरावर खुद्द मंडळातच दोन तट पडले. तेव्हा तो प्रश्न तसाच ठेवून उत्तराची जागा कोरी सोडली.

परीक्षेला अध्यक्ष आणि प्रवचनकार खाली आले. प्रवचनकार मवाळ माणूस. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळायची सवय, आणि कुणाचं मन दुखवायला नको म्हणून अर्धवट वाक्यं बोलायचे. बाई आणि आई फळ्यापाशी उभ्या. अध्यक्षांनी वर्गभर नजर फिरवली. हात असलेली खुर्ची एकच, मी. त्यांनी मला ओळखलं नाही. मी मात्र तो सदरा लगेच ओळखला.

"तिथं नको," टिल्ली म्हणाली. "तिथं ते बसलेत."

अध्यक्ष हसले आणि बसले. टक.

टिल्लीचा खालचा ओठ बाहेर आला. मला वाटलं आता सूर लागणार. पण तिने दोन्ही हात कानांशी नेले, पुन्हा खाली घेतले आणि घाईघाईने म्हणाली, "अहो, सरका. सरका."

"आता इथे कुठे सरकू?" अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही नाही. ते."

प्रवचनकारांना खोकला आला. अध्यक्षांनी कागद उलगडला. "प्रश्न पहिला. देव कुठे असतो?"

"तुमच्या खाली."

अध्यक्षांच्या कागदावर उत्तर होतं, 'सगळीकडे'. प्रवचनकार हळूच म्हणाले, "सगळीकडे म्हटलं की त्यात तेही तसं..." अध्यक्षांनी फुली मारली.

"दुसरा. देव केवढा आहे?"

टिल्लीने माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत नजर फिरवली. मधोमध अध्यक्ष होते, त्यामुळे तिला वाकून बघावं लागलं. "मावतात," ती म्हणाली. कागदावर होतं 'अनंत'. फुली.

"तिसरा. देवाजवळ तू रोज काय मागतेस?"

"मागत नाही. डबा खाल्ला का विचारते."

फुली. चौथा प्रश्न होता, पाप म्हणजे काय. टिल्लीने आईकडे बघितलं. मोटारने बाहेरून हॉर्न दिला. मग ती म्हणाली, "उठा म्हणणं."

"कुणी? कुणाला?"

"बसलेल्याला."

आईने तोंड फळ्याकडे वळवलं. अध्यक्षांना काही आठवलं नाही, ते आठवणीत ठेवण्याइतकं त्यांच्या दृष्टीने मोठं नव्हतंच. त्यांनी फुली मारली आणि पुढचा प्रश्न घेतला. पण टिल्ली आता थकली होती. ती सदऱ्याच्या गुंड्या मोजायला लागली, आणि तिचं मोजणं चारच्या पुढे जात नाही. निकाल लागला, दहापैकी दीड. एक गुण हात नीट जोडल्याबद्दल, अर्धा स्वच्छतेचा. शेरा, 'आकलन अपुरे. अर्ज पुढील वर्षी विचारात घ्यावा.' आईने कागद हातात घेतला, घडी घातली, सुईने झंपराला टोचून ठेवला आणि म्हणाली, "चल टिल्ले." मला त्या वेळी अध्यक्षांना खाली पाडता आलं असतं तर मी मागेपुढे पाहिलं नसतं. पण ते आधीच उठले होते.

तो दिवस आला. वर सकाळपासून धावपळ. बारा मुलं, त्यांचे आईबाप, आजी-आजोबा, मामे-मावश्या, शिवाय बाहेरून एक बडे पाहुणे. पाहुण्यांना बसायला अध्यक्षांची खुर्ची दिली आणि मग लक्षात आलं, की अध्यक्षांना खुर्ची नाही. दोन माणसं धावत खाली आली.

"ती नको हो," बाई म्हणाल्या. "डुगडुगते."

"दोन तासांचा तर प्रश्न आहे," म्हणत त्यांनी मला उचललं.

जोड्यांपाशी माय-लेकी बसल्या होत्या. मी समोरून चालले तशी टिल्ली उभी राहिली. "त्यांना कुठं नेताय?" ती मागोमाग निघाली. आईने तिला धरलं असतं, पण तिच्या दोन्ही हातांत लोकांचे जोडे होते.

मला पहिल्या रांगेच्या टोकाला ठेवलं. टिल्ली येऊन माझ्या हातावर हात ठेवून उभी राहिली, जशी ती वर्गात उभी राहायची. गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. कुणाची तरी मुलगी असेल, असं सगळे धरून चालले, आणि ते खरंच होतं.

प्रवचनकार बोलायला उभे राहिले. सुरुवात जरा चाचरत झाली, मग त्यांना सूर सापडला. "देव आकाशात नाही," ते म्हणाले. "तो इथे, या हॉलमध्ये, या क्षणी, आपल्या प्रत्येकाच्या अगदी जवळ हजर आहे." लोकांनी माना डोलावल्या. त्यानंतर अध्यक्षांनी पाहुण्यांचं स्वागत केलं, लांबवून केलं, आणि हातात माईक तसाच घेऊन खाली बसायला आले.

"इथं ते बसलेत," टिल्ली म्हणाली.

माईक चालू होता. तिचा आवाज तिन्ही भिंतींवरच्या कर्ण्यांतून बाहेर आला.

"ते कोण?" अध्यक्ष म्हणाले. तेही कर्ण्यांतून.

"देव."

तीनशे माना माझ्याकडे वळल्या. अध्यक्षांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले. आता गंमत बघा. बसावं, तर तीनशे जणांसमोर देवाच्या मांडीवर बसल्यासारखं. इथे कोणी नाही म्हणावं, तर आत्ताच प्रवचनकार आहे म्हणालेत, आणि यांनी स्वतः मान डोलावलीय. त्यांनी प्रवचनकारांकडे बघितलं. माईक धरून म्हणाले, "जरा सांगा हिला."

प्रवचनकारांनी उपरणं बोटाला गुंडाळलं, सोडवलं. "म्हणजे तसं बघितलं तर," ते म्हणाले, "नाही असं मला म्हणता यायचं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाक्य पूर्ण केलं असावं.

दुसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "अगं, मग माझ्या खाली?" आणि ती काठी टेकत उठली. तिचं बघून शेजारीण उठली. मग तिचा नवरा. मग मागची रांग. खुर्च्या सरकल्याचे आवाज पार दारापर्यंत गेले. बघता बघता सगळा हॉल उभा, आणि जो तो वळून आपापल्या खुर्चीकडे बघतोय. पाहुणे कुणाचं चुकतंय हे न कळून अर्धवट उठून थबकले होते.

"बसा, बसून घ्या सगळे," अध्यक्ष म्हणाले.

"कशावर?" मागून कुणीतरी विचारलं, आणि ते टवाळीने नव्हतं.

टिल्लीने सगळ्यांकडे पाहिलं. एवढी माणसं उभी, म्हणजे बाई वर्गात नसताना होतो तसा गोंधळ, असं तिला वाटलं असणार. तिने बाईंसारखाच तळहात खाली केला. "बसा," ती म्हणाली. "ते सरकतात."

कुणी हललं नाही.

"सरकतात ते. जागा देतात. बसा."

आधी म्हातारी बसली, अगदी काठावर. मग बाकीचे. तीनशे माणसं बसली, पण अशी बसली की प्रत्येकाने शेजारी वीतभर जागा सोडलेली. माझ्या अकरा बहिणींनी मला नंतर सांगितलं, इतक्या हलक्या हाताने त्यांच्यावर कधी कुणी बसलं नव्हतं.

अध्यक्ष उभेच. टिल्लीने दाराकडे बघितलं. आई उंबऱ्यापाशी होती, दोन्ही हातांत जोडे. तिला वाटत होतं, आता पुरतं संपलं, आता जोड्यांपाशीसुद्धा बसू देणार नाहीत.

"आई, ये ना."

आईने मान हलवली. तिची नजर अध्यक्षांवर होती.

टिल्ली माझ्याकडे वाकली. "अहो," ती म्हणाली, "अजून जरा सरका. आई आहे." आणि कान देऊन थांबली. तीनशे माणसं थांबली. अध्यक्षांनी भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकला, फळी दबली आणि मी टक केलं.

"सरकले," टिल्ली म्हणाली. "ये."

आईने जोडे खाली ठेवले. हात कपड्यांना पुसले. मधल्या वाटेने ती आली ती खाली मान घालून, आणि माझ्या एका कडेला टेकली. सात वर्षं उकिडवी बसलेली बाई, सगळा भार पायांतच ठेवून होती, माझ्यावर टाकायला घाबरत होती. मग टिल्ली तिच्या मांडीवर बसली, तेव्हा तिचा नाइलाज झाला आणि तिने अंग सैल सोडलं. तिचे खांदे हलत होते. मी तिला जेवढं घट्ट धरता येईल तेवढं धरलं.

प्रवचनकारांनी यादी काढली. बारा नावं घेतली, बारा वेळा 'हजर' आलं. तेरावं नाव कागदावर नव्हतं. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, अध्यक्षांकडे पाहिलं नाही, आणि म्हणाले, "टिल्ली?"

"हजर," टिल्ली म्हणाली. मग माझ्या रिकाम्या कडेवर थाप मारून, "हे पण हजर."

मला रडता येत नाही, लाकूड आहे मी. पण त्या दिवशी यायला हवं होतं.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. तुमची संपली असती. इथे विश्वस्त मंडळ आहे.

तीन दिवसांत बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, ती खुर्ची वर आणायचा निर्णय मुळात माझा होता, आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली. टिल्लीची आणि आईची जागा तिसऱ्या रांगेत खिडकीशी पक्की झाली. त्यांना आता उठा म्हणायची कुणाची छाती नाही, एवढं मात्र खरं, आणि त्यासाठी मी काहीही सोसायला तयार आहे. सोसतेच आहे. जोडे लावायला कुणी उरलं नाही, म्हणून जोडे उपसमिती नेमलीय. तिच्या दोन बैठका झाल्या आहेत.

मग मंडळ माझ्याकडे वळलं. मखमल चढवली. दोरी बांधली, काच बसवली. पाटी लावली, 'प्रभूंचे आसन. कृपया बसू नये. हात लावू नये.' आणि सुतार बोलावला, कारण देवाची खुर्ची डुगडुगते हे बरं दिसत नाही. त्याने आखूड पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकून बसवला. तेव्हा मला उमगलं, अध्यक्षांनी इतक्या वर्षांनी का होईना, मला पाचर मारलीच.

पहिल्याच आठवड्यात टिल्ली दोरीपाशी आली. बाईंनी तिला पाटी वाचून दाखवली. तिने काचेला नाक लावलं. "अहो," ती म्हणाली. मी जीव खाऊन हलायचा प्रयत्न केला. जमिनीत रुतवल्यासारखे चारही पाय सारखे. "अहो," तिने पुन्हा हाक मारली आणि कान देऊन थांबली, त्या दिवशी थांबली होती तशीच.

मग आईला म्हणाली, चांगल्या मोठ्या आवाजात, "इथं नाहीत."

फुलं घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी "शू" केलं. टिल्लीला ते कळलं नाही. ती आईचं बोट धरून खिडकीपाशी गेली आणि नंतर पुन्हा कधी दोरीपाशी आली नाही.

हीच ती गोष्ट, नीट बघितलं असतंत तर ध्यानात आली असती. मी रिकामी आहे. रोज पन्नास-साठ माणसं माझ्यापुढे हात जोडतात, आणि मी संकोचाने मखमलीच्या आत मिटून जाते.

ते गेले कुठे, तेही मला माहीत आहे. फळ्यांतून जसं वरचं खाली ऐकू जायचं, तसं खालचंही वर येतं. रोज सकाळी हजेरी होते. मोटार हॉर्न देतो. शेवटी बाई म्हणतात, "देव?" आणि मग कर्रकन आवाज येतो. प्लास्टिकचं निळं स्टूल आहे म्हणे, मधोमध तडकलेलं. टिल्ली म्हणते, "हजर आहेत." त्या स्टुलाचा मला हेवा वाटतो, आता लपवून काय करू.

तेव्हा तुम्हाला हात जोडायचेच असतील, तर जिन्याने खाली जा. दार उघडंच असतं. आत गेल्यावर दिसेल त्या जागी बसू नका, आधी विचारा. विचारलंत की तुम्हालाही जागा होईल, ती पोरगी करून देईल. आणि जाता जाता माझं एक काम करा. कोपऱ्यावर सुताराचं दुकान आहे, त्याला म्हणावं, त्या खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाखाली बोटभर पाचर आहे, तेवढी काढून टाक. मग टिल्लीने कधी पुन्हा हाक मारलीच, तर मलाही हजर म्हणता येईल.